रोहिणीची मूठ आणि साडूंची बॅटरी

माझ्या साडूंकडे बॅटरी होती आणि माझ्याकडे नव्हती. पुढं जे काही घडलं त्याचं कारण एवढंच, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. आमच्या हिला ते मान्य नाही. ती म्हणते, "बॅटरीचं काय घिऊन बसलाय? त्येंच्याकडं नुसतं नाक असतं तरी तुमाला सोसलं नसतं!" (नाक त्यांच्याकडे होतंच, आणि माझ्यापेक्षा सरळही होतं. पण तो विषय वेगळा.)

मी वरवे बुद्रुकचा. पेशानं मास्तर. सासुरवाडी पासलीची, म्हणजे वेल्ह्याच्याही पुढं, डोंगराच्या कुशीत. भाताचं गाव. सासऱ्यांना दोन मुली, आणि त्यातली थोरली माझ्या पदरात पडलेली. धाकटीचं लग्न होईपर्यंत कित्येक वर्षं मी त्या घरचा एकुलता एक जावई होतो, आणि ते दिवस आठवले की अजून जीव हळहळतो. मी पासलीत पाऊल टाकायचा अवकाश, मामी (सासूबाईंना मी मामी म्हणत असे) कोंबडीच्या मागं धावत सुटायच्या. मामा स्वतः उठून मला घोंगडीचा मऊ भाग द्यायचे. मी शिंकलो तरी, "मास्तर शिंकलं व्हय? हुशार मानूस!" असं कौतुक व्हायचं.

आणि सगळ्यात मोठा मान म्हणजे रोहिणीची मूठ. पासलीला भाताची रोपं आधी एका तुकड्यात वाढवतात, त्याला तरवा म्हणतात. रोहिणी नक्षत्र लागलं की त्या राब भाजलेल्या, म्हणजे पालापाचोळा जाळून तापवलेल्या, कोरड्या जमिनीत बी टाकायचं आणि मृगाच्या पावसाची वाट बघायची. आमच्या मामांच्या घरची रीत अशी, की त्या बियाण्याची पहिली मूठ जावयाच्या हातानं पडायची. माझा हात त्यांना लाभला होता. निदान मामा तसं म्हणत, आणि मी कधी त्यांना अडवलं नाही.

मग धाकटीचं लग्न झालं. नवरा पलटणीत हवालदार! उंच, तांबूस गोरा, मिशा अशा की लिंबू ठेवावं. त्यात लढाईची वर्षं. पासलीत कुणी फौजी माणूस आला की अख्खं गाव गोळा व्हायचं. माझ्याकडे बघायला गाव कधी गोळा झालं नव्हतं. मी फक्त सातवी पास होतो.

त्या वर्षी जेठात अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे आणि अनारसे वाढायचे, वाण द्यायचं, ही आपल्याकडची रीत. मी मनात म्हटलं, चला, आपला महिना आला! हिला घेऊन बैलगाडीनं, पुढं पायी, घामाघूम होऊन पासलीला पोचलो. दारात कोण? हवालदार! रजेवर आलेले. खाटेवर बसून मामांना हातातली बॅटरी दाखवत होते. भर दुपारी!

"या मास्तर, या," मामा म्हणाले. पण नजर बॅटरीवरून हलली नाही. "ह्ये बघा की, कळ दाबली की उजेड! वातीचं नाव न्हाई, राकेलचं नाव न्हाई!"

"भर उन्हात उजेड पाडून काय उपयोग?" मी म्हणालो.

"म्हंजी काय? रातीला दावतील की," मामी आतून ओरडल्या. "हात-पाय धुवा. हवालदारांचं झालं की तुमाला बी पानी काढते."

हवालदारांचं झालं की! थोरला जावई मी, आणि पाणी मला दुसऱ्यांदा! मी हिच्याकडे पाहिलं. ती बहिणीच्या गळ्यात पडून हसत होती. तिला त्यात काहीच खटकलं नाही. बायकांना मानापमान कळत नाही, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. (मोठ्यानं म्हटलं नाही. एवढा हुशार मी होतो.)

जेवायला बसलो. हवालदारांच्या धोंड्यावर मामींनी तूप सोडलं ते थांबेचना. ते "बास, बास मामी" म्हणत होते आणि धार चालूच. माझ्या पानाशी आल्या तेव्हा चमचा वाकडा झाला, दोन थेंब पडले आणि त्या म्हणाल्या, "मास्तरांना तूप सोसत न्हाई." मला तूप सोसत नाही हे मलाच त्या दिवशी कळलं! अनारसे वाढले, त्यांच्या पानात जाळीदार, माझ्या पानात कडेचे तुकडे. वाणात त्यांना जरीकाठी उपरणं, मला पंचा. नवा होता, नाही असं नाही; पण पंचा तो पंचाच.

"आवं, तोंड का असं केलंय?" ही कानाशी येऊन म्हणाली.

"चंद्राला सत्तावीस बायका, पण त्यातली रोहिणी लाडकी," मी दातओठ खात म्हणालो. "तसे तुझ्या आईला जावई दोन."

"मग बाकीच्या सव्वीसजनी तरी अशा फुगून बसत न्हवत्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पंचा खांद्यावर टाकून गप्प बसलो असतो. पण हात धुता धुता मामींनी खरा घाव घातला.

"काय वं," त्या मामांना म्हणाल्या, "रोहिनी सरत आली. तरवा उंद्याच टाकायचा हाय. म्या म्हनते, औंदा पयली मूठ हवालदारांच्या हातनं पडू द्या की. लढाईवर जायचा मानूस. हात लागला म्हंजी आपल्याला बी बरं वाटंल."

आता यावर बोलायचं काय? लढाईवर जाणाऱ्या माणसाच्या आड येऊन "नको, माझीच मूठ!" असं म्हणणारा माणूस किती हलका दिसेल! मी हलका होतोच, पण दिसायची इच्छा नव्हती. पण मूठ गेली की माझ्याकडे उरलं काय? पंचा!

मामा बिचारे भिडस्त. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हवालदारांकडे पाहिलं, आणि विडी पेटवून म्हणाले, "सांजच्याला ठरवू."

सांजच्याला आम्ही सगळे अंगणात बसलो. दिवेलागण झाली होती, चांदण्या एकेक करून उमटत होत्या. हवालदार बॅटरीचा झोत आभाळाकडे सोडून, वाळवंटात ते चांदण्यांवरून वाट कशी काढत, हे सांगत होते. त्या झोताचं टोक खरंच चांदणीला जाऊन टेकतं, अशा समजुतीनं मामी तोंडाचा आ करून बघत होत्या. मामींनी विचारलं, "मग आमची रोहिनी कंची वं? पिढ्यान् पिढ्या तिच्या नावानं पेरतोय, पन दावली कुनी न्हाई."

मामांचे डोळे चमकले. त्यांना सुटकेची वाट सापडली होती. "ह्ये बेस झालं! दोघं बी शिकल्यालं. ज्यो रोहिनी दावील, त्येनं रोहिनीची मूठ टाकायची. काय?"

मी आभाळाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी रोहिणी जन्मात पाहिली नव्हती. ती तांबूस-नारिंगी आणि चांगली ठसठशीत असते, एवढं कुठंतरी वाचलं होतं.

हवालदारांनी बॅटरी बंद केली. म्हणाले, "मामा, रोहिनी आत्ता दिसायची न्हाई."

"का वं?"

"सध्या सूर्याच्या शेजारीच हाय ती. त्येच्यासंगं उगावती, त्येच्यासंगं मावळती. उन्हात दिसंल कशी?"

आणि मग मला जे सुचलं, त्याचा मला त्या वेळी इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! मी उठून उभा राहिलो. "वा हवालदार! पंचांगात रोहिणी चालू, गावात रोहिणीची पेरणी चालू, आणि आभाळात तेवढी रोहिणी नाही? म्हणजे मांडव घातला, वाजंत्री आली, आणि नवरीच घरात नाही म्हणायची!"

अंगणात हशा पिकला. मामांनी मांडीवर थाप मारली. "बराबर! रोहिनी चाललीय तर रोहिनीच असनार की वर! दुसरी कशाला यील?"

"तसं न्हवं मामा," हवालदार समजावू लागले, "नक्षत्र चालू म्हंजी सूर्य तितं गेलेला असतो, म्हनून तर..."

"सूर्य गेला मावळून!" मी गरजलो. "आता चांदण्यांचं बोला!" आणि मान मागं टाकून मी नारिंगी काहीतरी शोधू लागलो. देवाची करणी बघा, जवळजवळ डोक्याच्या वर, जराशी पूर्वेला, एक टपोरी नारिंगी चांदणी लखलखत होती! मी बोट वर केलं. "ती बघा रोहिणी! रंग बघा! तेज बघा!"

"अगं बाई, व्हय की! निखाराच जनू," मामी म्हणाल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"मास्तर, ती स्वाती हाय," हवालदार हळूच म्हणाले.

"स्वाती आश्विनात असते!" मी ठणकावलं. (आमच्याकडे स्वातीचा पाऊस आश्विनात पडतो, म्हणून ती चांदणीही तेव्हाच निघत असणार. या हिशेबाला पासलीत कुणी हरकत घेतली नाही.)

मूठ माझी झाली! हवालदार नुसते हसले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण तो गृहस्थ चिडेचना! म्हणून माझं समाधान होईना. मामा म्हणाले, "सकाळच्याला टाका मूठ." नेहमी सकाळीच टाकत. पण सकाळी रोहिणी दिसणार नाही, गाव शेतावर पांगलेलं असणार; मग माझा विजय बघणार कोण? मी म्हणालो, "मामा, एवढी रोहिणी सापडली आहे, तर तिच्या डोळ्यांदेखत पेरू. उद्या दिवेलागणीला. गावालाही बोलवा."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला निम्मी पासली तरव्याच्या बांधावर हजर! म्हाताऱ्या हळदकुंकू घेऊन आलेल्या. मामींनी कणगीतलं राखून ठेवलेलं आंबेमोहोराचं बी पाटीत काढून दिलं. "संबाळून हं मास्तर, औंदाला येवढंच हाय." मी नवा पंचा डोक्याला बांधला. हवालदार पुढं आले. "अंदार पडलाय मास्तर. बॅटरी घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या बॅटरीच्या उजेडात मी पेरायचं? म्हणजे उद्या गाव म्हणणार, मूठ मास्तरांची पण उजेड हवालदारांचा! "नको," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मी रोहिणीच्या उजेडात पेरीन. आणि मंडळी, पेरणी होईपर्यंत कुणी नजर खाली करायची नाही. सगळ्यांनी रोहिणीकडे बघायचं. मीही तिच्याकडेच बघणार."

हा नियम मी तिथल्या तिथं, उभ्या उभ्या तयार केला होता. पण मास्तरांचा नियम! अख्ख्या पासलीनं माना वर केल्या.

मीही मान मागं टाकली, पाटी काखेत घेतली आणि चालू लागलो. पहिली मूठ टाकली. वा! काय ती धन्यता! वर माझी नारिंगी चांदणी, खाली माझी मूठ आणि बांधावर बॅटरी विझवून उभे असलेले माझे साडू. एका मुठीवर थांबायचं ते मी थांबलोच नाही. दुसरी टाकली, तिसरी टाकली. मान वर, पाय पुढं, मूठ भिरकावतोय! चांदणी इतकी डोक्यावर होती की तिच्याकडे बघता बघता मी पुढं जातोय की बाजूला, हेच कळेना. पायाखालची जमीन मात्र पावलागणिक मऊ होत चालली.

"मामा!" मी वर बघतच ओरडलो, "काय मशागत केलीत हो! जमीन कशी लोण्यासारखी लागतेय!"

"तुमचीच किरपा!" मामांचा आवाज जरा लांबून आला. तेही वर बघत होते.

"आणि ऊबसुद्धा आहे हो जमिनीत!"

"राब भाजल्याली हाय न्हवं!"

मग वास आला. पण शेतकऱ्याच्या शेतात वास यायचाच. मला काय माहीत नाही? मी शेवटची मूठ टाकली, पाटी उपडी करून झटकली आणि मोठ्यानं म्हणालो, "झालं! आता नजर खाली करा!"

आणि त्याच वेळी हवालदारांनी बॅटरीची कळ दाबली.

त्या झोतात पासलीनं जे पाहिलं ते असं. डोक्याला नवा पंचा बांधलेले, रिकामी पाटी छातीशी धरलेले, थोरले जावई वरवेकर मास्तर, मामांच्या उकिरड्याच्या मधोमध गुडघ्यापर्यंत रुतून उभे आहेत. तरवा डाव्या हाताला, चांगला दहा-बारा हात लांब. त्यात बी पडलं होतं ते सुरुवातीच्या दोन-तीन मुठींचं. बाकीचा आंबेमोहोर शेणात, राखेत, खरकट्यात, चहूकडे अगदी एकसारखा पेरला गेला होता. (एकसारखा पेरण्यात माझा हात आहे, हे मामांनी नंतरही कबूल केलं.)

कुणी हसेना. पाव्हण्याला कसं हसायचं? मामी तेवढ्या पुटपुटल्या, "माझं बी गं बाई..." आणि तोंडाला पदर लावला. तेव्हा मला वाटलं रडताहेत. खांदे जरा जास्तच हलत होते.

मला बाहेर काढायला हवालदारच आले. हात धरून ओढताना म्हणाले, "दमानं, मास्तर." त्यांच्या बुटांना शेण लागलं, त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. आणि मी? उकिरड्यातून एक पाय निघालेला, दुसरा निघायचा, आणि मी म्हणतोय, "चूक फक्त जागेची झाली. तारा रोहिणीच आहे!"

"असंल की," हवालदार म्हणाले. "परवा मृग लागतंय. रोहिनी सरली की ही चांदनी जाईल न्हवं? तवा कळंलच."

हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं, पण बांधावरच्या निम्म्या पासलीनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मामींनी शेजारणीकडून उसनं बी आणलं आणि ते हवालदारांनी सकाळी, लख्ख उजेडात, खाली बघून पेरलं. मी पडवीत बसून पाय धूत होतो. चौथ्यांदा. मृगाच्या दिवशी मी आभाळ भरून यावं म्हणून दुपारपासून देवाचा धावा केला. गावाला वाटलं मास्तर पावसासाठी हात जोडताहेत. एकदोघं येऊन माझ्याशेजारी बसलेसुद्धा. पण आभाळ कसं धुतल्यासारखं! दिवेलागण झाली. लोक अंगणात जमले. आणि जवळजवळ डोक्यावर, जराशी पूर्वेला, तीच ती नारिंगी, टपोरी, निर्लज्ज चांदणी!

सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि मग सावकाश माझ्याकडे वळल्या.

"मास्तर," मामी म्हणाल्या, "तुमची रोहिनी जायची इसरली जनू."

आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. वाटेत ही वेल्ह्यापर्यंत तोंड फिरवून पुढं पुढं चालत राहिली. मला वाटलं, चिडली आहे. वेल्ह्याला पोचल्यावर ती रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसली आणि जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "ऊबसुद्दा हाय वं जमिनीत!" असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. शेवटी मलाही हसू आलं. पण थोडंच.

पुढं पाऊस पडला. हवालदारांचा तरवा छान उगवला, रांगेतल्या शिपायांसारखा. पण उकिरडा! आषाढात मामांनी मुद्दाम निरोप धाडून मला बोलावलं. उकिरड्यावर आंबेमोहोराची अशी हिरवीगार, दाट, मांडीएवढी रोपं माजली होती की गावोगावचे लोक बघायला येत होते. माझं काम बघायला गाव गोळा झालं ते हेच पहिल्यांदा. ती रोपं मामांनी लावणीला घेतली आणि वर म्हणाले, "हात लाभतोय मास्तरांचा!"

हवालदार लढाईवरून धडधाकट परत आले. त्या वर्षी मी त्यांच्या पानात स्वतः तूप सोडलं. मामींच्याएवढं नाही, पण सोडलं. रोहिणीची मूठ मात्र त्यानंतर दरवर्षी त्यांचीच झाली. माझाही मान मामींनी बुडवला नाही. वेगळी छोटी पाटी भरून त्या माझ्या हातात देत आणि म्हणत, "मास्तर, तुमच्या शेतात जावा." माझं शेत कोणतं, हे पासलीत कुणाला सांगावं लागत नसे.

मी पुढं चांदण्यांची पुस्तकं आणून नीट वाचली. हवालदार म्हणत होते ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते खरं निघाल्याचं मला अजून वाईट वाटतं. खरी रोहिणी मी थंडीत पाहिली, तीही नारिंगीच. म्हणजे दोघी सारख्या दिसतात, ओळखायला अवघड, असं मी शाळेत मुलांना सांगत असे. एकदा एकानं विचारलं, "गुरुजी, मग स्वाती नेमकी ओळखायची कशी?"

"सोपं आहे," मी म्हणालो. "मान वर करायची, तिच्यावरची नजर काढायची नाही आणि सरळ चालत सुटायचं. पाय गुडघ्यापर्यंत रुतले की समजायचं, ही स्वाती!"